घडणावळ परत मिळते का?

महागडी मनगटी घड्याळे विकताना किंवा बदलून घेताना कारागिरी पाहावी की पुढे येणारा भाव पाहावा, असे विचारणारी पत्रे अलीकडे वारंवार येत आहेत. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिले उत्तर लांबले आहे, कारण त्यातील बराचसा भाग उरलेल्या तिघांनाही लागू पडतो.

प्रश्न : माझ्याकडे २०१९ साली अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेले रोलेक्सचे सबमरिनर आहे. बॉक्स, हमीपत्र, बिल, सगळे जपून ठेवले आहे. मुंबईतील एक व्यापारी त्याच्या बदल्यात ए. लांगे उंड झोने या जर्मन कंपनीचे सॅक्सोनिया हे चावीचे, व्हाइट गोल्डचे, वापरलेले घड्याळ देऊ करतो आहे. वर काही लाख रुपये मला घालावे लागतील. जाणकार मित्र म्हणतात की कारागिरीत दोहोंची तुलनाच होत नाही. मेहुणे म्हणतात की सबमरिनर म्हणजे रोकड आहे, ते हातचे सोडू नका. मी कोणाचे ऐकावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपले मित्र घड्याळाविषयी बोलत आहेत आणि मेहुणे गिऱ्हाइकाविषयी. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. आपल्याला ठरवायचे आहे ते एवढेच की कारागिरीसाठी आपण नेमके किती रुपये मोजतो आहोत आणि ते परत न आल्यास आपली तक्रार असेल की नाही.

सोनाराकडे दागिना मोडीत घातला की सोन्याचा भाव मिळतो, घडणावळ मिळत नाही, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते. घड्याळाच्या व्यवहारात हा हिशेब एका बाजूला अधिक कडक होतो आणि दुसऱ्या बाजूला पार उलटतो. सॅक्सोनियाच्या केसमध्ये सोने असते खरे, पण सोन्याचा भाव चढा असला तरी ते वितळवून येणारी रक्कम त्या घड्याळाच्या नव्या किमतीचा लहानसाच हिस्सा असते. उरलेली बहुतेक किंमत घडणावळीची असते आणि ती पहिल्या मालकाला पुरती परत मिळत नाही. सबमरिनर पोलादाचे आहे, वितळवून त्याचे काहीच येणार नाही, तरीही ते विकायला काढल्यास दुकानात मोजलेल्या किमतीइतके आणि कधी तिच्याहून अधिक पैसे हाती येतात. तिथे जी परत मिळते ती धातूची किंमत नव्हे आणि घडणावळही नव्हे. ती नावाची ओळख आणि दुकानात सहज न मिळण्याचा गुण यांची किंमत असते.

याचा अर्थ रोलेक्स हलके असते असा मुळीच नाही. सबमरिनर १९५३ पासून बनते आहे, आणि आपले घड्याळ ज्या पिढीतले आहे तिच्यातील मशीन १९८८ पासून सुधारत आणलेले, घड्याळजींच्या पिढ्यांनी पारखलेले आहे. २०१५ पासून कंपनी दिवसाला उणे दोन ते अधिक दोन सेकंद एवढ्याच फरकाची हमी देते, आणि एवढ्या मोठ्या संख्येने घड्याळे बनवून तो शब्द पाळणे हे कारखानदारीतील फार मोठे यश आहे. मात्र ते यश यंत्रांचे, नियंत्रणाचे आणि शिस्तीचे आहे. मशीनच्या प्रत्येक तुकड्यावर माणसाचा हात दीर्घकाळ फिरलेला असणे ही वेगळी गोष्ट आहे आणि रोलेक्स तसा दावाही करीत नाही.

ती वेगळी गोष्ट पाहायची असेल तर व्यापाऱ्याच्या काउंटरवर सॅक्सोनिया पालथे करून दहापट दाखवणाऱ्या भिंगातून पाहावे. मशीनचा जवळजवळ पाऊण भाग झाकणारी एकच मोठी पट्टी दिसेल. ती जर्मन सिल्व्हरची असते. आपल्याकडे हे नाव ताटवाट्यांमुळे परिचयाचे आहे, पण इथे तिच्यावर कोणताही मुलामा दिलेला नसतो, त्यामुळे काळाबरोबर तिचा रंग मधासारखा उबदार होत जातो आणि कारागिराच्या बोटाचा ठसासुद्धा तिच्यावर डाग ठेवून जातो. तिच्यात चाकांच्या आसांना आधार देणारी लाल माणके असतात, त्यांतील काही सोन्याच्या कोंदणात बसवलेली असतात आणि प्रत्येक कोंदण निळ्या रंगावर येईपर्यंत तापवलेल्या चिमुकल्या स्क्रूंनी आवळलेले असते. मागेपुढे हलत वेळ मोजणाऱ्या बॅलन्स चाकाला तोलून धरणाऱ्या छोट्या पुलावर, म्हणजे धातूच्या पट्टीवर, फुलापानांची नक्षी असते. ही नक्षी कोरणारा कारागीर छिन्नीसारखे हत्यार हातात धरून ती मोकळ्या हाताने काढतो, त्यामुळे दोन घड्याळांतील फुले तंतोतंत सारखी नसतात, आणि कारखान्यातील लोक नक्षी पाहून ती कोणाच्या हातची हे सांगू शकतात. शिवाय प्रत्येक मशीन दोनदा जोडले जाते : एकदा जोडून, वेळेला लावून पुन्हा सगळे सुटे करतात, सुटे भाग सजवून स्वच्छ करतात आणि मग शेवटची जुळणी करतात. यातल्या बऱ्याचशा श्रमांचा वेळ अचूक असण्याशी फारसा संबंध नाही, हेही सांगून टाकले पाहिजे.

या घराण्याची कथाही लहान नाही. फर्डिनांड आडोल्फ लांगे यांनी १८४५ साली सॅक्सनीतील ग्लासह्युटे या खाणकामावर जगलेल्या आणि खाणी आटल्यावर गरीब झालेल्या गावात सरकारी कर्ज घेऊन घड्याळांचा कारखाना काढला आणि गावातील मुलांना हा धंदा शिकवला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ साली पूर्व जर्मनीत तो सरकारजमा झाला. बर्लिनची भिंत पडल्यानंतर त्यांचे पणतू वॉल्टर लांगे यांनी ७ डिसेंबर १९९० रोजी कंपनी पुन्हा नोंदवली आणि २४ ऑक्टोबर १९९४ रोजी पहिली चार घड्याळे जगापुढे ठेवली. त्या चारांपैकी एकाचे नाव सॅक्सोनिया होते. आपल्याला देऊ केलेले घड्याळ त्याच घराण्यातले पुढचे आहे.

एवढे सगळे असूनही बाजार हात आखडता घेतो, यामागे बाजाराचे अज्ञान आहे असे मला वाटत नाही. मनगटावर बांधले की ती नक्षी कातडीकडे तोंड करून बसते आणि समोरच्याला दिसते ती साधी, पातळ, दोन-तीन काट्यांची तबकडी. सोन्याचे नाजूक घड्याळ रोज पावसात, प्रवासात, कारखान्यात वापरता येत नाही. सर्व्हिसिंगसाठी ते ग्लासह्युटेला जाते आणि परत यायला महिनोन् महिने लागू शकतात. म्हणून असे घड्याळ घ्यायला येणारे लोक मोजके, आणि व्यापाऱ्याला ते कपाटात किती काळ ठेवावे लागेल याचा अंदाज नसतो. तो अंदाज नसण्याची किंमत तो आपल्याकडून खरेदी करतानाच कापून घेतो. सबमरिनर मात्र त्याच्याकडे आठवड्याभरात विकले जाते, आणि जगभरात तेच मॉडेल इतक्या वेळा विकले गेलेले असते की त्याचा भाव कोणाला विचारावा लागत नाही.

मेहुण्यांना मात्र एक सांगावे की रोकड म्हणणे जरा अति झाले. आपले चाळीस मिलिमीटरचे मॉडेल सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाले, त्यानंतर २०२२ च्या सुरुवातीपर्यंत वापरलेल्या रोलेक्सचे भाव चढत गेले आणि मग पुढची दोन वर्षे बऱ्यापैकी उतरले. त्या उंचीवर ज्यांनी दुय्यम, म्हणजे वापरलेल्या घड्याळांच्या, बाजारातून घेतले ते अजून पैसे भरून निघण्याची वाट पाहत आहेत. आणखी एक बदल भारतापुरता लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्वित्झर्लंडसह चार देशांशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयात शुल्क काही वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरायचे आहे. नवे घड्याळ येथे स्वस्त झाले की त्याचा ओढा वापरलेल्या स्विस घड्याळांच्या भावावर येणारच. जर्मन घड्याळे या करारात नाहीत.

आता व्यवहाराकडे. अदलाबदलीत खरी गोम अशी असते की दोन किमती एका आकड्यात गुंडाळल्या जातात, आणि आपण फक्त वर किती घालायचे एवढेच पाहतो. व्यापाऱ्याला तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत : अदलाबदल न करता माझे घड्याळ नुसते विकत घेतलेत तर किती द्याल, तुमचे घड्याळ मी नुसते विकत घेतले तर किती घ्याल, आणि तेच घड्याळ मी उद्या सकाळी परत आणले तर किती द्याल. तिसऱ्या प्रश्नावर तो हसेल किंवा विषय बदलेल, तरी उत्तर घेतल्याशिवाय उठू नये. समजण्यापुरते आकडे धरू. आपल्याला तो ९ लाख देतो, सॅक्सोनिया १४ लाखांना लावतो आणि परत घ्यायचे झाले तर ११ लाख म्हणतो. म्हणजे हे घड्याळ मनगटावर आले त्या क्षणी ३ लाख गेले. दहा वर्षे वापरले तर वर्षाला तीस हजार, आणि मधल्या सर्व्हिसिंगचा खर्च वेगळा. ही रक्कम कारागिरीची किंमत आहे, दुसऱ्या कोणत्याही नावाने तिची नोंद करू नये. दहा लाखांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळावर एप्रिल २०२५ पासून विक्रेत्याने एक टक्का कर वसूल करायचा असतो, तेव्हा १४ लाखांच्या बिलावर १४ हजार जास्त द्यावे लागतील. ते आयकर विवरणपत्रात आपल्या खात्यावर धरले जातात, पण त्यासाठी पॅन क्रमांकासह पक्के बिल हवे. ‘बिल नको, थोडे कमी करतो’ असे कोणी म्हटले तर तिथूनच उठावे, कारण पुढे ते घड्याळ विकताना ते बिलच त्याचा निम्मा दाखला असते.

माझे मत विचाराल तर, तीन वर्षांच्या आत घराचे किंवा मुलांच्या शिक्षणाचे पैसे उभे करायचे असतील तर सबमरिनर हलवू नये. तशी निकड नसेल, आणि रोज सकाळी चावी देताना घड्याळ पालथे करून पाहणारे आपण असाल, तर हा सौदा करावा, मुख्यतः सॅक्सोनिया वापरलेले आहे म्हणून. नव्या किमतीवरून पडलेली पहिली आणि सर्वांत मोठी घट आधीच्या मालकाने सोसलेली आहे. हेच घड्याळ दुकानातून कोरे घेण्याचा विचार असता तर माझे उत्तर नाही असे आले असते.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मी ग्रँड सेइकोचे ‘स्नोफ्लेक’ म्हणून ओळखले जाणारे टायटॅनियमचे घड्याळ घेतले. आता दुसरे घ्यायचे म्हणून हे विकायला काढले, तर देऊ केलेला भाव ऐकून धक्का बसला. केसवर बारीक ओरखडे आहेत. जवळचा घड्याळजी बफिंग करून ते नवे दिसेल असे म्हणतो, त्याने भाव वाढेल का? आणि एवढी कारागिरी असताना भाव एवढा का पडतो? – एक वाचिका, ठाणे

उत्तर : बफिंग करू नये. बाकीचे सगळे विसरलात तरी चालेल, एवढे मात्र पाळावे.

ग्रँड सेइकोच्या केसची कारागिरी तिच्या सपाट पृष्ठांत आणि त्यांच्या मधल्या कडांत असते. जपानी कारागीर केस हातात धरून फिरत्या धातूच्या चकतीच्या सपाट तोंडावर दाबतो. किती जोर, कोणत्या कोनात आणि किती वेळ, हे त्याच्या हाताला ठाऊक असते, आणि ते शिकायला वर्षे जातात. अशा पृष्ठात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहिले तर ते सरळ रेषेसारखे, न वाकता दिसते. शेजारी घासून मंद केलेले पृष्ठ असते, आणि दोहोंच्या मध्ये नखाला जाणवेल अशी धारदार कड. कापडाचे मऊ बफिंग चाक नेमक्या याच कडेवर चढते आणि तिला गोल करून टाकते. घरातल्या कोणालाही घड्याळ उजळल्यासारखे वाटेल, परंतु घेणारा जाणकार असेल तर तो प्रतिबिंब वाकलेले पाहील आणि ओरखडे असते तेव्हा दिला असता त्याहून कमी भाव देईल. ओरखडा ही वापराची खूण असते. गेलेली कड परत आणायला केस त्याच हातांकडे पाठवावी लागते, आणि तिथेही प्रत्येक वेळी थोडा धातू कमी होतोच.

भावाविषयी बोलायचे तर दोष कारागिरीचा नाही. घड्याळाचा सेकंदकाटा ठोके न देता सरकत जातो, कारण आत मुख्य स्प्रिंगच्या जोरावर चालणारे पण क्वार्ट्झने लगाम लावलेले यंत्र आहे. योशिकाझू आकाहाने या अभियंत्याला ही कल्पना १९७७ साली सुचली. ते १९९८ साली वारले आणि अशी पहिली घड्याळे १९९९ साली बाजारात आली. दिवसाला एक सेकंद एवढी अचूकता ते देते, जी आपल्या घड्याळाच्या दुप्पट किमतीच्या स्विस घड्याळांनाही साधत नाही. तरीही अनेक वर्षे या घड्याळांच्या तबकडीवर बाराच्या खाली ‘सेइको’ आणि सहाच्या वर ‘ग्रँड सेइको’ अशी दोन नावे असत, आणि ग्राहकाच्या मनात पहिले नाव शाळेतल्या, लग्नात भेट मिळालेल्या घड्याळाचे होते. २०१७ साली कंपनीने ‘ग्रँड सेइको’ हे नाव स्वतंत्र केले. लोकांच्या डोक्यातून जुने नाव जायला त्याहून अधिक वेळ लागतो. त्यात मर्यादित संख्येच्या आवृत्त्या इतक्या वारंवार काढल्या गेल्या की मर्यादेला अर्थ उरला नाही, आणि कित्येक देशांत नवे घड्याळ सवलतीत मिळू लागले. नव्यावर सवलत मिळते तेव्हा वापरलेल्याचा भाव आणखी एक पायरी खाली जातो.

विकायचेच असेल तर मऊ ब्रशने आणि कोमट साबणाच्या पाण्याने केवळ पट्टा स्वच्छ करावा, पट्ट्याच्या काढून ठेवलेल्या सगळ्या कड्या शोधाव्यात, आणि बॉक्स, हमीपत्र यांसह व्यापाऱ्याला न देता थेट दुसऱ्या शौकिनाला विकण्याचा प्रयत्न करावा. ग्रँड सेइकोचे गिऱ्हाईक कमी असते पण ते बहुधा काय घेतो आहे हे जाणून आलेले असते, त्यामुळे मधल्या माणसाची टक्केवारी आपल्याकडे राहते. आणि भाव ऐकून विकावेसे वाटत नसेल, तर तसेही करू शकता. ते घड्याळ पुढची वीस वर्षे तितकेच चांगले राहील.

प्रश्न : मी दुबईत नोकरीला आहे. दहा वर्षांपूर्वी पाटेक फिलिपचे कॅलाट्राव्हा ५२२७ हे सोन्याचे घड्याळ घेतले. त्याच पैशांत त्याच कंपनीचे पोलादी नॉटिलस घेतले असते तर आज कितीतरी पट झाले असते, असे सहकारी ऐकवतात. कॅलाट्राव्हाला मात्र घेतलेल्या किमतीइतकाही भाव येत नाही. हे विकून एखाद्या स्वतंत्र घड्याळकाराचे हातचे काम घ्यावे का? फिलिप द्युफूर यांच्या घड्याळांचे काय झाले ते आपण जाणताच. – एक वाचक, दुबई

उत्तर : आपले पत्र वाचून मला खरे तर आनंद झाला, कारण कारागिरी आणि भाव यांचे नाते किती सैल असते हे दाखवायला आपल्याच घड्याळाइतके चांगले उदाहरण मिळणार नाही. आपल्या ५२२७ मध्ये आणि ज्या पोलादी नॉटिलस ५७११ ने लोकांना वेड लावले त्यातही अनेक वर्षे एकच मशीन होते, कॅलिबर ३२४. म्हणजे त्याच कारखान्यात, त्याच हातांनी, त्याच मापाने केलेले काम. आपल्या घड्याळाला वर सोन्याची केस आहे आणि मागच्या काचेवर लपत्या बिजागरीचे झाकण, जे बंद असताना बिजागरी कुठे आहे ते शोधावे लागते. दुकानातल्या किमतींत दोहोंमध्ये फार अंतर नव्हते. तरीही जानेवारी २०२१ मध्ये ५७११ बंद होणार असे कळले आणि त्याचे दुय्यम बाजारातले भाव कुठल्या कुठे गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टिफनी या अमेरिकन जवाहिऱ्याच्या खास निळ्या रंगाच्या तबकडीचे एक नॉटिलस न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ६५ लाख डॉलरना गेले. ती विक्री धर्मादाय कामासाठी होती हे खरे, पण बातमी सगळीकडे पोहोचली ती आकड्याची. कामात काडीचाही फरक नसताना भावात एवढा फरक पडला, तेव्हा तो फरक कामाचा असूच शकत नाही.

द्युफूर यांचे उदाहरण खरे आहे, पण ते ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने वाचावे. स्वित्झर्लंडमधील व्हॅले द जू या खोऱ्यात एका जुन्या शाळेच्या इमारतीत काम करणाऱ्या या माणसाने २००० साली ‘सिम्प्लिसिटी’ हे तीन काट्यांचे साधे घड्याळ आणले. पुढे त्याची सुमारे दोनशे घड्याळे झाली. त्याच्या पुलांच्या कडा तिरक्या तासून आरशासारख्या केलेल्या असतात, आणि जिथे दोन कडा आतल्या बाजूला मिळतात तो कोपरा टोकदार असतो. फिरते हत्यार तिथे पोहोचू शकत नाही, ते गोलच कापते; म्हणून असा कोपरा दिसला की तो कानशीने आणि लाकडाच्या काडीने हातानेच केलेला आहे हे ओळखावे. ज्यांनी तेव्हा ते घेतले त्यांनी ते कोपऱ्यांसाठी घेतले. त्यांना तो भाव मिळायला वीस वर्षे लागली; २०२० साली जिनिव्हातील लिलावात एक सिम्प्लिसिटी १३ लाख फ्रँकहून अधिक किमतीला गेले. आज जो कोणी ‘पुढचे द्युफूर’ म्हणून एखाद्या नव्या घड्याळकाराची नोंदणी करतो तो मात्र कोपऱ्यांआधी भाव पाहतो, आणि तो भाव विकणाऱ्यानेही आधीच पाहिलेला असतो.

बाजाराला काय आवडेल याचा अंदाज किती कठीण असतो ते एफ. पी. जूर्न या दुसऱ्या स्वतंत्र घड्याळकाराच्या घड्याळांवरून दिसते. सुरुवातीला त्यांची मशीन पितळेची होती. २००४ पासून ती सोन्याची झाली. आज संग्राहक पितळेच्या मशीनसाठी अधिक पैसे मोजतात, कारण ती पहिली आणि थोडी आहेत.

स्वतंत्र घड्याळकाराच्या बाबतीत आणखी एक जोखीम असते जी मोठ्या कंपनीत नसते. घड्याळ बिघडले तर सुटे भाग त्या एका माणसाकडे किंवा त्याच्या चार-पाच माणसांच्या कार्यशाळेतच मिळतात, आणि ती कार्यशाळा बंद पडली तर दुसरा कुशल घड्याळकार तो भाग नव्याने घडवील तेव्हाच घड्याळ चालेल. आगाऊ रक्कम भरून दोन-तीन वर्षे थांबण्याची पद्धतही तिथे सर्रास आहे, आणि त्या रकमेला तारण काही नसते.

म्हणून माझा सल्ला असा की कॅलाट्राव्हा ठेवावे. त्याची घट आपण सोसून झाली आहे, आज विकून फक्त तिच्यावर शिक्कामोर्तब होईल. हातच्या कामाची ओढ मनापासून असेल तर वेगळे पैसे साठवावेत आणि चालू कार्यशाळा असलेल्या, किमान काही वर्षे घड्याळे परत घेऊन दुरुस्त करीत आलेल्या घड्याळकाराचे वापरलेले घड्याळ शोधावे. तिकडून भारतात येताना ते मनगटावर असले तरी सीमाशुल्काची सूट मर्यादितच असते. नवे घेतलेले घड्याळ विमानतळावर सीमाशुल्काच्या लाल मार्गिकेत जाहीर करावे आणि शुल्क भरल्याची पावती जपून ठेवावी. पुढे मुंबईत विकताना तीच पावती मागितली जाते.

प्रश्न : आजोबा सैन्यात होते. त्यांचे वेस्ट एंड वॉच कंपनीचे ‘सोवार प्रायमा’ घरात आहे. तबकडी पिवळी पडली आहे, आकडे पुसट झाले आहेत. एका दुकानदाराने तबकडी नव्याने रंगवून, केसला चमक देऊन, मग चांगल्या भावाने बदलून देतो असे सांगितले आहे. करावे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : करू नये. वेस्ट एंड ही स्विस कंपनी, पण तिची खरी बाजारपेठ ब्रिटिश काळातील हिंदुस्थान होती. मुंबई आणि कोलकाता येथे तिची ठाणी होती आणि फौजेतल्या व रेल्वेतल्या लोकांच्या मनगटांवर तिची घड्याळे असत. लाखांची ही घड्याळे नव्हेत, पण जुनी तबकडी शाबूत असलेल्या नगाला संग्राहक दोन पैसे अधिक देतात. रंगवलेल्या तबकडीला, दुसऱ्याच घड्याळाचे काटे लावलेल्या आणि बफिंगने गुळगुळीत केलेल्या जुन्या घड्याळाला जगभरचे संग्राहक काय म्हणतात ते आपल्या राज्याला फारसे भूषणावह नाही : ‘मुंबई स्पेशल’. चोरबाजारातून आणि टपालाने गेलेल्या अशा असंख्य घड्याळांमुळे ते नाव पडले. रंगारी कितीही तरबेज असो, आकड्यांची जाडी, अंतर आणि मूळ छपाईचा उठाव भिंगाखाली जुळत नाही. तबकडी एकदा खरवडली की कारागिरीही जाते आणि भावही, आणि दोन्ही परत आणता येत नाहीत.

आकडे अंधारात चमकणारे असतील किंवा पूर्वी चमकत असतील तर आणखी एक काळजी घ्यावी. त्या काळात त्यासाठी रेडियमचा रंग वापरत आणि त्याची चमक गेली तरी किरणोत्सर्ग राहतो. म्हणून मागचे किंवा पुढचे झाकण घरी उघडू नये आणि काटे किंवा आकडे कशानेही खरवडू नयेत.

घड्याळ चालू करायचे असेल तर जुन्या मशीनवर काम करणाऱ्या घड्याळजीकडून फक्त साफसफाई, तेल आणि गरज असेल तर मुख्य स्प्रिंग एवढेच करून घ्यावे. काच चरे पडून धुरकट झाली असेल तर बदलायला हरकत नाही. काम सुरू होण्याआधी तबकडीचे आणि मशीनचे फोटो काढून ठेवावेत, तबकडी व केसला हात लावायचा नाही असे पावतीवर लिहून घ्यावे, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग, काचसुद्धा, पाकिटात घालून परत मागावा.